बावन्न बाजू

बाईंनी या अंकासाठी "सुट्टीत मी काय केले" यावर लिहायला सांगितले होते. पण आम्ही जे केले ते एका सुट्टीत मावणारे नव्हते. त्याला 2023 हे अख्खे साल लागले. म्हणून बाईंची परवानगी काढून आम्ही दोघे मिळून हा लेख लिहीत आहोत. आम्ही म्हणजे बहीण आणि भाऊ. तेव्हा एक सोळा वर्षांची होती आणि एक बारा वर्षांचा. शुद्धलेखन आईने तपासले आहे, मते मात्र आमची आहेत. जिथे आमचे एकमत झाले नाही तिथे तसे लिहिले आहे.

तर झाले असे. 2022 च्या दिवाळीला आजी वाईहून आमच्याकडे आइंडहोवनला आली. तिच्या बॅगेत चकल्या होत्या, मेतकूट होते, कंदी पेढे होते आणि सुतळीने बांधलेला बुटांचा एक खोका होता. "तुमच्या काकांनी सांगून ठेवलं होतं, हा खोका मुलांना द्यायचा," असे आजी म्हणाली. बाबांनी खोका हातात घेतला, सुतळीकडे पाहिले आणि तसाच वर माळ्यावर नेऊन ठेवला. ते काही बोलले नाहीत, म्हणून आम्हीही विचारले नाही.

आमचे काका 2021 च्या मे महिन्यात कोविडने गेले. तेव्हा नेदरलँड्सने भारतातून येणारी विमाने बंद केली होती. बाबा जाऊ शकले नाहीत. त्यांनी सगळे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्याआधी चार वर्षे बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. वाईचे घर विकायचे की ठेवायचे, यावरून ते भांडण होते. आम्हाला एवढेच माहीत होते, आणि घरात हा विषय कोणी काढत नसे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही आकाशकंदील ठेवायला माळ्यावर गेलो. बाहेर पाऊस होता, करायला काही नव्हते. आम्ही सुतळी सोडली. खरे तर विचारायला हवे होते. ते चुकलेच.

खोक्यात 26 कॅसेटी होत्या, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. प्रत्येक बाजूवर एक अल्बम भरलेला होता. एल.पी. साधारण 40 ते 45 मिनिटांची असते, म्हणून कॅसेटच्या एका बाजूला एक एल.पी. बरोबर बसते. आतल्या कागदावर अल्बमचे नाव इंग्रजीत, महिना व वर्ष, आणि खाली बारीक अक्षरात मराठीत शेरा. कोपऱ्यात दोन आकडे: "मो. 8, धा. 9". प्रत्येक बाजूला असेच आकडे. धाकट्याला वाटले, धा म्हणजे तबल्यातला धा. मोठीला वाटले, काकांनी घाईत "दहा" लिहिले असेल. दोघेही चुकलो होतो, पण ते पुढे कळले.

26 कॅसेटी म्हणजे 52 बाजू. वर्षात आठवडे 52. मग हिशोब आपोआपच झाला. दर रविवारी काकांची एक बाजू आणि आमच्या आवडीचा एक नवा अल्बम ऐकायचा. नियम असे ठरले:

एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे, मधले गाणे गाळायचे नाही.
दोन, त्या वेळी फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर.
तीन, संपेपर्यंत बोलायचे नाही.
चार, नंतर मराठीत तीन वाक्ये लिहायची आणि दहापैकी गुण द्यायचे. एकदा दिलेले गुण बदलायचे नाहीत.
पाच, आपले गुण लिहून झाल्यावरच काकांचे गुण बघायचे.

आम्ही एरवी गाणे कसे ऐकतो ते तुम्हाला माहीत आहेच. वीस सेकंदांत आवडले नाही तर पुढचे. म्हणून पहिला नियम सर्वांत कठीण गेला. धाकटा पहिल्या महिन्यात दोनदा झोपला.

कॅसेट वाजवायला आमच्याकडे यंत्रच नव्हते. ते क्रिंगलोपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, साडेसात युरोला मिळाले. घरी आणले तर आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळलेला. नवा पट्टा मागवला, बसवला, कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून हेड पुसले. वाईच्या पावसाळ्यात काही टेपांवर पांढरी बुरशी आली होती. एक कॅसेट इतकी खराब होती की तिच्या दोन्ही बाजू सोडून द्याव्या लागल्या. बाकीच्या आधी पुढे आणि मागे एकदा गुंडाळून घेतल्या, म्हणजे चिकटलेली टेप मोकळी होते. गुंता झाला की पेन्सिल घालून फिरवायचे. हे आम्हाला आजीने शिकवले. ती भजनाच्या कॅसेटी अशाच सोडवत असे.

मग आम्हाला कळले की कॅसेट ही आपल्या शेजारचीच वस्तू आहे. फिलिप्स कंपनी आइंडहोवनची. कॅसेट तयार केली लाऊ ओटेन्स या डच अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी, बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात, आणि 1963 मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. ओटेन्सने आधी कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा करून घेतला होता: यंत्र याच्याहून मोठे व्हायचे नाही! तो ठोकळा पुढे गाडीचे चाक बदलताना जॅकखाली घातला आणि हरवला, असे सांगतात. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने सरकते. म्हणजे 45 मिनिटांना जवळजवळ 128 मीटर टेप लागते. हे गणित धाकट्याने केले आहे.

ओटेन्स 2021 मध्ये वारले. काका गेले तेच वर्ष.

पहिल्या रविवारी आम्ही डीप पर्पलचा 1972 चा मशीन हेड लावला. यातले सर्वांत प्रसिद्ध गाणे एका खऱ्या आगीवर आहे. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी बँड अल्बम करायला गेला असताना तिथला कॅसिनो जळाला. तो धूर तळ्यावर पसरलेला त्यांनी पाहिला आणि गाणे केले. गिटारचे ते चार सूर आमच्या शाळेतला प्रत्येक मुलगा वाजवतो, पण ते कशाबद्दल आहे हे कोणालाच माहीत नव्हते. काकांचा शेरा: "गिटार नव्हे, लोहाराचा भाता."

बाबा तेवढ्यात घरी आले. जिन्यात उभे राहिले. आम्हाला वाटले, आता रागावणार. ते फक्त म्हणाले, "आवाज कमी करा," आणि आत निघून गेले. त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत. आईने आम्हाला खुणेने गप्प राहायला सांगितले. पुढच्या रविवारी लावावे की नाही, यावर आमचे भांडण झाले. मोठी म्हणाली, बंद करू. धाकटा म्हणाला, काकांनी खोका आपल्याला दिला आहे. धाकट्याचे ऐकले.

सहाव्या रविवारी क्वीनचा 1975 चा अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा आला. बोहेमियन राप्सडी हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे त्यातच आहे. आम्ही गुण लिहिले, मग कागद उलटला. "मो. 10, धा. 5." आणि शेरा: "धाकटा म्हणतो, हा गाणारा आपल्या शाळेत असता तर पी.टी.च्या सरांनी वर्गाबाहेर काढला असता."

धा. म्हणजे धाकटा. काकांचा धाकटा म्हणजे आमचे बाबा!

आम्ही कागद घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी तो चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि हसले. मग पहिल्यांदा त्यांनी सांगितले. 1986 पासून दोघे भाऊ ही वही चालवावी तशा कॅसेटी चालवत होते. पैसे साठवून कोऱ्या कॅसेटी घ्यायच्या. पुण्यातल्या एका दुकानात एल.पी.वरून भरून मिळत. यादी काका करत. मग रात्री, आजोबा झोपल्यावर, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकायचे आणि दोघांनी गुण द्यायचे. एकदा दिलेले गुण बदलायचे नाहीत, हा नियम त्यांचाही होता. आम्हाला वाटत होते की ही कल्पना आमची.

"आणि तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले, "की हा गाणारा खरंच आमच्या डोक्यावरच्या शाळेत होता." ते खरे आहे. फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला फारूख बुलसारा. जन्म 1946, झांझिबारचा. 1950 च्या दशकात त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले होते आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला, द हेक्टिक्स. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी! काका आणि बाबा वाईत बसून त्याचा आवाज ऐकत होते, आणि तो लंडनचा म्हणून ऐकत होते.

यानंतर बाबा रविवारी आमच्याबरोबर बसू लागले. आधी दारात, मग खुर्चीत, मग जमिनीवर. पण 1990 सालच्या कॅसेटी सुरू झाल्या आणि आम्हाला एक नवीन गोष्ट दिसली. आकडे असे: "मो. 7, धा." आणि पुढे रिकामी जागा. पुढच्या बाजूलाही तसेच. आम्ही सगळ्या कॅसेटी काढून मोजले. 52 पैकी 31 बाजूंना दोघांचे गुण होते. 21 बाजूंना फक्त काकांचे, आणि प्रत्येक वेळी "धा." लिहून पुढे जागा सोडलेली. शेवटची तारीख 1995 ची.

बाबा 1990 मध्ये शिकायला मुंबईला गेले. ते म्हणाले, "सुट्टीत घरी यायचो, पण तेव्हा मित्र असायचे, अभ्यास असायचा. दादा म्हणायचा, बस जरा, एक ऐकून जा. मी म्हणायचो, पुढच्या वेळी." मग ते उठून बागेत गेले. त्या रविवारी नवा अल्बम ऐकला नाही.

पुढच्या रविवारी ते पेन घेऊनच आले. बाजू होती निर्वाणाच्या 1991 च्या नेव्हरमाइंडची. काकांचे गुण 9. बाबांनी पूर्ण ऐकले, मग कागदावर काकांच्या आकड्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दादा, नऊ कसले देतोस? अरे, हा नुसता ओरडतोय!" आणि रिकाम्या जागेत 6 लिहिले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. किती वर्षांनी बाबा काकांशी बोलत होते, भांडत का होईना. (आम्हा दोघांच्या मते 9 बरोबर आहेत.)

आता नव्या अल्बमांविषयी. 52 पैकी 47 झाले, परीक्षेच्या दिवसांत पाच राहिले. मेटालिकाने एप्रिल 2023 मध्ये आपला जगदौरा अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रॉयफ मैदानावर सुरू केला. आम्हाला जायला मिळाले नाही, म्हणून त्यांचा नवा 72 सीझन्स घरीच ऐकला. तो 77 मिनिटांचा आहे. काकांच्या कॅसेटच्या एका बाजूला तो मावलाच नसता. मोठीच्या मते मावला नसता तेच बरे. धाकट्याच्या मते तो वर्षातला सर्वांत उत्तम.

लांबीवरून आठवले. डायर स्ट्रेट्सच्या 1985 च्या ब्रदर्स इन आर्म्सची एल.पी. 45 मिनिटांहून मोठी आहे. काकांच्या कॅसेटवर शेवटचे गाणे चालू असतानाच खट्‌कन टेप संपते. बाबा म्हणाले, त्यांना कित्येक वर्षे वाटत होते की ते गाणे असेच संपते! गंमत म्हणजे हा अल्बम सीडीवर फार खपला, आणि सीडी हीसुद्धा फिलिप्सचीच, सोनीबरोबर मिळून केलेली. त्या सीडीची जाहिरात व्हावी म्हणून बँडचा 1985 चा दौरा फिलिप्सने पुरस्कृत केला होता.

फू फायटर्सचा बट हिअर वी आर जून 2023 मध्ये आला. त्यांचा ड्रम वाजवणारा टेलर हॉकिन्स 2022 मध्ये अचानक गेला, त्यानंतरचा हा पहिला अल्बम. बाबांना इंग्रजी शब्द लगेच कळतात, आम्हालाही कळतात. संपल्यावर कोणी गुण दिले नाहीत. वहीत ती जागा आम्हीही रिकामीच सोडली आहे.

सर्वांत अनपेक्षित आवडला तो आल्तिन ग्युन हा अ‍ॅमस्टरडॅमचा बँड. नावाचा अर्थ सोन्याचा दिवस. हे लोक तुर्की लोकगीते इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन वाजवतात. त्यांच्या 2019 च्या गेजे या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले होते. 2023 च्या अल्बमचे नाव आश्क, म्हणजे प्रेम. आजी फोनवर म्हणाली, "अगं, हे तर आपलं इश्क!" वर्गातल्या तुर्की मैत्रिणीने मोठीला सांगितले की यातली गाणी तिची आजी म्हणते. तेव्हापासून आम्ही विचार करतो आहोत की आपल्या ओव्या, भारुडे आणि पोवाडे इथे कोणी असे का वाजवत नाही? दिल्लीचा ब्लडीवूड बँड ढोल आणि बासरी घेऊन मेटल वाजवतो. मग संबळ घेऊन का वाजवू नये? वर्गात कोणाला ड्रम येत असेल तर कळवा.

शेजारच्या आजोबांचे सांगायचे राहिले. आमच्या घरांना सामाईक भिंत आहे. मार्चमध्ये एकदा भिंतीवर ठकठक झाली. आम्ही घाबरून आवाज बंद केला. पाच मिनिटांनी दारावर आजोबा, हातात एल.पी.: गोल्डन इयरिंगचा 1973 चा मूनटॅन. "भारतातून आणलेलं सगळं ऐकता, मग हे हेगचं पण ऐका," असे ते डचमध्ये म्हणाले. रात्रभर गाडी चालवण्यावरचे राडार लव्ह हे गाणे त्यात आहे. हा बँड 1961 मध्ये हेगमधल्या दोन शाळकरी मुलांनी काढला, आमच्या धाकट्याच्या आसपासच्या वयाच्या. तो 2021 पर्यंत चालला. त्यातला एक जण, जॉर्ज कोयमन्स, गंभीर आजारी झाला, तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याशिवाय वाजवायचे नाही असे ठरवले. साठ वर्षे! बाबा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये बीटल्सचे नवे गाणे आले, नाऊ अँड देन. अल्बम नव्हे, एकच गाणे, पण आम्ही नियम थोडा वाकवला. जॉन लेननने ते 1970 च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर म्हणून साध्या कॅसेटवर भरून ठेवले होते. तो 1980 मध्ये मारला गेला. कॅसेटवर पियानो आणि आवाज एकमेकांत मिसळलेले होते. ते आता संगणकाने वेगळे करता आले आणि उरलेल्यांनी गाणे पुरे केले. जॉर्ज हॅरिसन 2001 मध्ये वारला, पण त्याने 1995 मध्ये वाजवलेली गिटारही त्यात आहे. बाबांनी त्या संध्याकाळी वाईला फोन लावला. आजीला नव्हे, काकूला. दोघे काय बोलले ते आम्ही ऐकले नाही. फोन चाळीस मिनिटे चालला. जवळजवळ एक बाजू.

शेवटची बाजू 31 डिसेंबरला आली: पिंक फ्लॉइडचा 1975 चा विश यू वर हिअर. हा अल्बम त्यांनी आपल्या जुन्या सोबत्यासाठी, सिड बॅरेटसाठी केला. तो आजारामुळे बँडमधून गेला होता. रेकॉर्डिंग चालू असताना तो एक दिवस स्टुडिओत आला, तर आधी मित्रांनी त्याला ओळखलेच नाही. कागदावर "मो. 10, धा." आणि शेरा काहीच नाही. यंत्रात घातली आणि पहिल्याच गाण्यात टेप तुटली.

बाबांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले. धाकट्याने दोन टोके धरली, मोठीने चिकटपट्टी लावली, बाबांनी कडा कापल्या. काकूला फोन लावून तो यंत्राजवळ ठेवला. मग पहिल्यापासून लावली. जोडाच्या जागी टक् असा आवाज आला आणि गाणे पुढे गेले. चव्वेचाळीस मिनिटे वाईत आणि आइंडहोवनमध्ये कोणीही बोलले नाही.

बाबांनी 9 लिहिले. "एक गुण टेप तुटली म्हणून कापला." काकू फोनवर म्हणाली, "तुमचं लहानपणापासून हेच. भावाच्या दहाला कधी दहा द्यायचे नाहीत." आणि ती हसली, आणि मग रडली.

त्या रात्री आम्ही शेजारच्या आजोबांकडे ओलिबोलन खायला गेलो. त्यांच्याकडे रेडिओवर टॉप 2000 चालू होते. 1999 पासून दर वर्षी नाताळाच्या दिवसांत लोकांनी मते देऊन निवडलेली दोन हजार गाणी वर्ष संपेपर्यंत वाजवतात. बहुतेक वर्षी पहिले येते ते बोहेमियन राप्सडी, आणि 2023 मध्येही तेच आले. बाराला थोडा वेळ असताना सारा देश पाचगणीच्या शाळेतल्या मुलाचे गाणे ऐकत होता. आम्ही बाबांना विचारले, आता तरी 5 चे 9 करणार का? ते म्हणाले, "दिलेले गुण बदलायचे नाहीत."

वाईच्या घराचे अजून काही ठरलेले नाही. पण बाबा आणि काकू दर रविवारी बोलतात.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादा खोका असेल. तो उघडा. आधी विचारा, हे आम्ही चुकून शिकलो. यंत्र नसेल तर आमचे आहे, शनिवारी वर्गात घेऊन येऊ. पेन्सिल मात्र आपापली आणावी.